माणसांचं खातं कोण सांभाळणार?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मसाला कांडणाऱ्या, आमसुलं घालणाऱ्या, काजू फोडणाऱ्या, सुकी मासळी विकणाऱ्या, खानावळ आणि घरगुती निवास चालवणाऱ्या सगळ्या ताई, वैनी आणि काकींना नमस्कार.

गेल्या काही वर्षांत आपल्या गटांना प्रशिक्षणं पुष्कळ मिळाली. आगळ टिकवायचं कसं, पाकिटावर काय छापायचं, अन्न परवाना कसा काढायचा, बँकेत प्रकरण कसं करायचं, प्रदर्शनात स्टॉल कसा मांडायचा. हे सगळं हवंच. पण दहा बायका एका छपराखाली कामाला लागल्या की वेगळेच प्रश्न उभे राहतात. हजेरी कोण लावणार? जास्त राबली तिला जास्त मिळणार का? एखादी भाजली तर डॉक्टरचे पैसे कोणाचे? दोघींचं बिनसलं तर मध्ये कोणी पडायचं? याचं प्रशिक्षण मी तरी फार कमी वेळा बघितलं. म्हणून आज तेच बोलूया.

मोठ्या कंपनीत या कामासाठी वेगळं खातंच असतं. गणपतीला मुंबईहून पुतण्या आला की त्याच्या बोलण्यात येतं बघा, "रजेसाठी एच.आर.ला कळवलंय." एच.आर. म्हणजे ह्युमन रिसोर्स, मराठीत मनुष्यबळ. कोणाला कामावर घ्यायचं, काय शिकवायचं, पगार आणि रजा किती, विमा आहे का, तक्रार असेल तर ऐकायची कोणी, हे सगळं त्या खात्याकडे. मला स्वतःला मनुष्यबळ हा शब्द फारसा रुचत नाही. बळ म्हटलं की जुवाला बांधलेली बैलजोडी डोळ्यांसमोर येते. मी आपली त्याला माणसांचं खातं म्हणते.

तुम्ही म्हणाल, आमची कुठे कंपनी? आम्ही दहा जणी, त्यातल्या चार एकाच वाडीतल्या, दोघी जावा-जावा. मी मीटिंगमध्ये हजेरीची वही काढली की ठरलेलं वाक्य कानावर येतं, "कशाक गो लिवून ठेवूचा? आपण काय परकी आसव?" हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं. पण मी गटांबरोबर जेवढी वर्षं काम करते आहे, तेवढ्यात मोडलेले गट बघितले त्यात माल वाईट निघाला म्हणून मोडलेला गट शोधावा लागेल. माणसांच्या हिशोबावरून मोडलेले चटकन आठवतात.

एक सांगते. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या बायका हा कार्यक्रम ऐकतात. अकरा जणींचा गट, आमसुलं आणि आगळ करणारा. बचत वेळेवर, परतफेड वेळेवर, दर महिन्याची सभा चुकली नाही. एप्रिल-मेमध्ये रातांबे आले की काम सुरू. फळ फोडायचं, बिया काढायच्या, साल वाळवायची, मिठाच्या रसात बुडवून पुन्हा वाळवायची, असं चार-पाच वेळा. ऊन डोक्यावर आणि पाऊस केव्हा येईल त्याचा नेम नाही. या कामाला एक विधवा बाई रोज यायची. रोज म्हणजे रोज, कारण तिला दुसरं उत्पन्न नव्हतं. बाकीच्यांतल्या काही आठवड्यातून दोनदा, काही लग्नसराईत पंधरा-पंधरा दिवस गायब. हंगाम संपल्यावर पैसे वाटले ते अकरा समान भाग करून. ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी आलीच नाही, दुसऱ्यांच्या काजूच्या कामाला जाऊ लागली. मग गटाला कळलं की रसात मीठ किती घालायचं आणि साल कितपत वाळली की पुन्हा बुडवायची, हे नेमकं तिलाच ठाऊक होतं. त्या वर्षी मालाला बुरशी आली, मुंबईची ऑर्डर परत गेली. त्यानंतर गटाची सभा भरली ती फक्त कर्जाच्या हप्त्यासाठी.

यात कोणी लबाड नव्हतं, हे मुद्दाम सांगते. समान वाटणी त्यांना न्यायाची वाटली होती. पण नोंद नसली की तोटा कोणाचा होतो बघा. जिची परिस्थिती बरी आहे ती येत नाही, तरी तिचा वाटा येतो. जिला पोटासाठी रोज यावं लागतं, तिची मेहनत सगळ्यांत वाटली जाते. आणि ती बोलतही नाही, कारण गटात बोलायची ताकदही तिच्याकडेच सगळ्यात कमी असते.

आता आकड्यांत बघू. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा दहा जणी आहेत, हंगाम ४० दिवसांचा. विक्री १,५०,००० रुपयांची झाली. फळ, मीठ, बाटल्या, सरपण, टेम्पो यात ७८,००० गेले. उरले ७२,०००. समान वाटले तर प्रत्येकीला ७,२००. जी चाळीसही दिवस आली तिला दिवसाला १८० रुपये पडले. जी दहाच दिवस आली तिला दिवसाला ७२० पडले! कमी येणारीची मजुरी चौपट झाली.

दुसऱ्या पद्धतीने करू. हजेरीच्या वहीप्रमाणे सगळ्यांचे मिळून २४० दिवस भरले. दिवसाला २०० रुपये मजुरी धरली तर ४८,००० मजुरीचे. हे आधी बाजूला. उरले २४,०००, हा खरा नफा. त्यातले १२,००० पुढच्या हंगामाच्या मालासाठी गटाच्या खात्यात ठेवले आणि १२,००० समान वाटले, प्रत्येकीला १,२००. आता चाळीस दिवसवालीला मजुरीचे ८,००० आणि नफ्याचे १,२०० मिळून ९,२०० मिळाले. दहा दिवसवालीला २,००० अधिक १,२००, म्हणजे ३,२००. गटाकडे १२,००० शिल्लक राहूनसुद्धा राबणाऱ्या बाईला पहिल्यापेक्षा दोन हजार जास्त मिळाले.

मजुरी हाताची, नफा गटाचा, एवढं मनात पक्कं केलं की अर्धी भांडणं उगवतच नाहीत. दोनशे हा आकडा मी फक्त हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतला. तुमचा दर गावातल्या चालू मजुरीपेक्षा आणि सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा खाली नको. आणि तो हंगामाच्या आधी ठरवा. माल विकून पैसे हातात आल्यावर दर ठरवायला बसलात तर प्रत्येकीला स्वतःच्या हजेरीला सोयीचा दर सुचतो.

मजुरी वेगळी आणि मालकी वेगळी हे काही मी शोधलेलं नाही. लिज्जत पापडाचं नाव आपण सगळ्या घेतो, प्रत्येक मेळाव्यात कोणीतरी घेतंच. सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले, ही गोष्ट सांगून टाळ्या मिळतात आणि भाषण तिथेच संपतं. आज तिथे ४५,००० च्या आसपास बायका आहेत. इतक्या जणी टिकल्या कशा? मला त्या गोष्टीतला रोजच्या व्यवहाराचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्यांच्याकडे पीठ शाखेत मळलं जातं. बहिणी, तिथे सगळ्यांना बहीणच म्हणतात, सकाळी ठरल्या वजनाची कणीक घरी नेतात आणि लाटून वाळवलेले पापड शाखेत आणून देतात. त्या पापडांचं वजन होतं, तपासणी होते आणि लाटण्याची मजुरी हातात पडते. तिला ते वणाई म्हणतात. जितके लाटले तितकी वणाई. नफ्यातला वाटा मात्र त्या संस्थेच्या मालक म्हणून मिळतो. आणि जिच्या घरी लाटायला-वाळवायला स्वच्छ जागा नाही तिला नाकारत नाहीत. ती शाखेत पीठ मळायला किंवा पाकिटं भरायला बसते. काम माणसाला बघून दिलं जातं. अगदी सुरुवातीला लहान मुलीही पापड लाटायला येत, पुढे १८ वर्षांच्या आतली नको असा नियम केला. हा नियम आपणही घ्यायचा आहे. शाळेला सुट्टी आहे म्हणून पोरीला काजूच्या चिकात बसवू नका.

त्यांच्या पहिल्या वर्षातली आणखी एक गोष्ट आपल्या कोकणाला लागू पडते. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी. चार महिने बायकांच्या हाताला काम नसेल तर बायका जातात, आणि गेलेली बाई परत येईलच असं नाही. शेगडी पापडांसाठी आणली खरी, पण तिने माणसंही धरून ठेवली.

आता आपल्याच जिल्ह्यात या. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गट २०१७ पासून कांदळवन सफर चालवतो. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायका. होडी त्याच वल्हवतात, पाहुण्यांना कांदळवनाची माहितीही त्याच सांगतात. अनेक जणी हे बघून आल्या असतील. येताना सगळ्या कौतुक घेऊन येतात. मी म्हणते पुढच्या वेळी प्रश्न घेऊन जा. कारण असा धंदा एका तऱ्हेच्या कामावर चालत नाही. वल्हं मारायला खांदा लागतो. पाहुण्यांशी बोलायला वेगळी हिंमत लागते, हिंदी लागतं. कोणीतरी फोनवर बुकिंग घ्यायचं, कोणीतरी लाइफ जॅकेट मोजायची, आणि भरती-ओहोटीची वेळ काही माणसांच्या सोयीने येत नाही. यातल्या कोणत्या कामाचं मोल किती?

आपल्याकडे या प्रश्नावर दोन टोकं दिसतात. एक तर जी बोलते, फोन घेते, फोटोत पुढे असते तिचंच काम मोठं धरतात. नाहीतर उलट, "ती काय नुसता बोलता, काम आमी करतो." दोन्ही चूक. घरगुती निवासाचंच घ्या. पाहुणे रात्री अकराला येतात आणि सकाळी सहाला चहा मागतात. संडास-न्हाणीघर साफ करणं, चादरी धुणं, माशांचं जेवण, हिशोब, बाजारहाट. संडास साफ करायचं काम प्रत्येक ठिकाणी सगळ्यात गरीब बाईकडे कसं जातं, हे कधी थांबून बघितलंत का? ते काम एक तर पाळीने सगळ्यांकडे फिरवा, नाहीतर त्याला जादा मजुरी द्या. मला विचाराल तर पाळी बरी. सचिवबाईंनी एकदा न्हाणीघर घासलं की मग तिथे चांगला ब्रश आणि हातमोजे आणायचा ठराव त्याच सभेत होतो.

पाळीवरून रजेचा विषय निघतोच. आपल्याकडे कामाचं आणि रजेचं वेळापत्रक एकमेकांच्या छातीवर बसलेलं असतं. भातकापणी संपते न संपते तोच दिवाळीचे पर्यटक येतात. मे महिन्यात पाहुण्यांची गर्दी, रातांबे, काजूचा शेवट आणि घरची लग्नं एकदमच. जून-जुलैत लावणी. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, त्यामुळे तेव्हा घरात पैसा नाही आणि नेमकं तेव्हाच बाईला गटाच्या कामाची गरज. गणपतीत कोणी कामाला येणार नाही, हे तर देवाने ठरवलेलं आहे. आंगणेवाडीच्या जत्रेला खानावळ उघडी ठेवायची तर घरी आलेल्या माहेरवाशिणींचं काय?

हे सगळं दरवर्षी होतं आणि तरी दरवर्षी अचानक झाल्यासारखं होतं. एक मोठा कागद घ्या, बारा महिने आखा, गटाच्या कामाचे दिवस लाल आणि प्रत्येकीचे अडचणीचे दिवस निळे करा. जिथे दोन्ही एकत्र येतात तिथे बदली कोण, हे आताच ठरवा. आणि बदलीला ते काम आधी शिकवा. प्रत्येक कामाला निदान दोन हात तयार हवेत. वर सांगितलेल्या गटात मिठाचं माप दोघींना ठाऊक असतं तर एका बाईच्या जाण्याने माल फुकट गेला नसता. अर्थात त्यामुळे तिच्यावरचा अन्याय कमी झाला नसता. दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

गटाबाहेरची बाई मजुरीला घेतो, तेव्हाचं एक बोलायचं राहतं. बचत गटातल्या बायका मालकीण झाल्या की त्यांच्या तोंडीही मालकाचीच भाषा येते. "ही उशिरा येता, ही मोबाइल घेऊन बसता." अरे, पण तिच्याशी बोलणं काय झालं होतं? एका पानावर लिहा: काम काय, वेळ किती ते किती, रोज किती, पैसे कोणत्या दिवशी, जेवण-चहा कोणाचा, उचल दिली तर ती कशी फेडायची. तिची सही किंवा अंगठा, गटाच्या दोघींची सही, एक प्रत तिच्याकडे. उचल दिली असेल तर ती फिटेपर्यंत तिने यायलाच हवं, असं मात्र करू नका. ते वेठबिगारीच्या वाटेला जातं आणि कायद्याने गुन्हा आहे. पगारावर दहा किंवा जास्त माणसं झाली तर कामगार विम्याचा आणि वीस किंवा जास्त झाली तर भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न येतो. एवढी मजल गाठलीत तर आनंदच, तेव्हा जाणकाराकडून कागद करून घ्या.

आपल्यातल्या बहुतेक जणींना विमा म्हणजे एजंट आठवतो. पण बँक खात्यातूनच होणारे दोन साधे विमे आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये कापले जातात, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख. जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर वारसाला २ लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. म्हणजे मे अखेरीला खात्यात तेवढी शिल्लक हवी, नाहीतर विमा गप्पकन बंद पडतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. गटाच्या मेच्या सभेत प्रत्येकीचं पासबुक बघायचं, हे माणसांच्या खात्याचं काम. उकळत्या तेलाने हात भाजला तर त्याच्या औषधपाण्याचा खर्च मात्र यातून मिळत नाही. त्यासाठी नफ्यातून अडचण निधी बाजूला काढा आणि कोणत्या प्रसंगी किती द्यायचे ते आधीच ठरावात लिहा. १६ ते ५९ वयाच्या, भविष्य निधी किंवा कामगार विम्यात नसलेल्या आणि आयकर न भरणाऱ्या बायकांनी ई-श्रम कार्डही काढून ठेवावं.

यापुढचा विषय जरा जड आहे. घरात मुलगे ऐकत असतील तर त्यांनाही ऐकू दे.

पर्यटन वाढलं तशी आपल्या घरात परकी माणसं राहू लागली. बहुतेक पाहुणे चांगले असतात. पण दारू पिऊन स्वयंपाकघरात येणारा, चहा द्यायला गेलेल्या बाईचा हात धरणारा, मागून काहीतरी बोलणारा पाहुणा भेटला नाही असं छातीवर हात ठेवून किती जणी सांगतील? माल न्यायला येणारा टेम्पोवाला, घाऊक व्यापारी यांचंही तेच. अशा वेळी गटात कुजबुज होते आणि मग ठरतं काय, तर "तिला पाहुण्यांसमोर पाठवू नका." म्हणजे काम गेलं ते तिचंच.

१९९२ साली राजस्थानातल्या भटेरी गावात एका साथीनवर, म्हणजे सरकारी कार्यक्रमात गावपातळीवर काम करणाऱ्या बाईवर, बलात्कार झाला. बालविवाह थांबवायला गेली म्हणून. कामापायी हे तिच्या वाट्याला आलं आणि तिला संरक्षण द्यायला कामाच्या ठिकाणचा कोणताच नियम नव्हता. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ साली विशाखा निकाल लागला. त्यातूनच पुढे २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. शहरातल्या ऑफिसांत या कायद्याचे फलक दिसतात म्हणून आपल्याला वाटतं तो ऑफिसवाल्यांचा. त्याचं मूळ एका खेड्यातल्या, तुमच्या-माझ्यासारखं गावात फिरून काम करणाऱ्या बाईत आहे.

या कायद्याप्रमाणे जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची. जिथे दहापेक्षा कमी आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथल्या बाईसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. घरकाम करणारी बाईसुद्धा तिच्याकडे जाऊ शकते. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत मिळते. समितीचा पत्ता आणि फोन जिल्हाधिकारी कार्यालयातून किंवा महिला व बाल विकास कार्यालयातून घ्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवा, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी. ताबडतोब मदत हवी तर ११२, महिलांसाठी १८१. आणि पाहुण्यांच्या खोलीत लावता त्या नियमांत एक ओळ वाढवा: स्वयंपाकघरात पाहुण्यांनी येऊ नये, येथे काम करणाऱ्या महिलांशी गैरवर्तन केल्यास खोली लगेच रिकामी करावी लागेल. पाहुणे कमी होतील ही भीती बोलून दाखवतात काही जणी. त्या पाट्या वाचून जो परत जाईल तो गेलेलाच बरा.

एवढं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, हे करणार कोण? सचिव. आपल्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सचिव असतं. तीच इतिवृत्त लिहिते, तीच बँकेत जाते, तीच प्रदर्शनाला. तिच्यावर हेही टाकलं तर ती एक दिवस वह्या आणून टेबलावर ठेवेल. शिवाय ती गटातलीच. तिच्या जावेची हजेरी तिने कमी लावली तर घरात भांडण, पूर्ण लावली तर गटात.

दहा बायकांच्या धंद्याला एच.आर.चा माणूस पगारावर ठेवणं परवडणार नाही, हे खरं. पण आठ-दहा धंद्यांनी मिळून एक जण ठेवली तर? उमेद अभियानात गावात ग्रामसंघ आहे, वर प्रभागसंघ आहे. माविमच्या गटांना लोकसंचालित साधन केंद्र आहे. जनावरांसाठी पशुसखी आहे, शेतीला कृषी सखी, बँकेच्या कामाला बँक सखी. माणसांसाठी सखी नाही! मी आमच्या प्रभागात हे मांडते आहे आणि तुम्हीही तुमच्याकडे मांडावं असं वाटतं. बारावी किंवा पदवी झालेली, हिशोबाला पक्की, तोंडाने गोड पण कानाने जास्त चांगली अशी एक मुलगी किंवा बाई. आठ धंदे, प्रत्येकाकडे महिन्याला दोन फेऱ्या, म्हणजे सोळा फेऱ्या. फेरीला २५० धरले तर तिला ४,००० मिळतील आणि प्रत्येक गटावर महिन्याला ५०० चा बोजा पडेल. हंगाम नसताना एकच फेरी पुरे.

तिने काय करायचं? हजेरी आणि मजुरीची वही तपासायची, बारा महिन्यांचा कागद भिंतीवर लागलाय का बघायचा, नवीन आलेल्या बाईचं पान लिहायचं, मेमध्ये पासबुकं बघायची. आणि प्रत्येक फेरीत अर्धा तास एका बाजूला बसून एकेकीशी बोलायचं. सभेत जी बोलत नाही ती अशी बोलते. तिने करायचं नाही ते असं: पैसे हाताळायचे नाहीत, निर्णय द्यायचा नाही, एकीचं ऐकलेलं दुसरीला सांगायचं नाही. आणि ती त्या आठ गटांपैकी कोणाचीही नातेवाईक नको. आपल्या भागात हे शेवटचं जमवणं सगळ्यात कठीण, हे मला माहीत आहे. म्हणून शेजारच्या प्रभागातली घ्या आणि आपली त्यांना द्या.

पाचशे रुपये फुकट जातील असं ज्यांना वाटतं त्यांनी परत गेलेल्या एका ऑर्डरचा हिशोब मांडून बघावा. आणि कामावरून गप्प निघून गेलेल्या बाईचा आकडा मांडता आला तर तोही मांडावा, मला तो अजून मांडता आलेला नाही.

सखी मिळेपर्यंत वही तरी सुरू करा. साधी शंभर पानी, रूळ मारलेली. रकाने पाच: तारीख, नाव, आल्याची आणि गेल्याची वेळ, केलेलं काम, आणि तिची स्वतःची सही. सही दुसरीने करायची नाही. संध्याकाळी हात धुतल्यावर, घरी निघायच्या आधी, त्याच दिवशी. आठवड्याने आठवून भरलेली हजेरी म्हणजे हजेरी नव्हे. महिन्याच्या सभेत वही मोठ्याने वाचायची आणि वाचणारी दर महिन्याला वेगळी.

वही भरायला लागल्यावर ज्या अडचणी येतील त्या रेडिओच्या पत्त्यावर लिहा किंवा सभेत मला गाठा. पुढच्या भागात वजनमापं आणि पाकिटावरचा मजकूर याबद्दल बोलायचं आहे.